अखेरच्या दिवसांतील धाप व तिची शुश्रूषा

‘घरघर लागली’ याचा अर्थ मराठीत शेवट जवळ आला असाच केला जातो. या समजुतीमुळे अखेरच्या आजारातील श्वासाचा त्रास हा उपायापलीकडचा मानला जातो. वस्तुतः मूळ रोग बरा होण्यासारखा नसला तरी त्यातून उद्भवणारी धाप बऱ्याच अंशी कमी करता येते.

पैनगंगेच्या दक्षिणेस असलेल्या तेलंगणातील आदिलाबाद जिल्ह्यात मराठी भाषकांची वस्ती मोठी आहे. मोठ्या उपचारांसाठी तेथील रुग्णास सुमारे तीनशे किलोमीटरवरील हैदराबादला किंवा सुमारे दोनशे किलोमीटरवरील नागपूरला न्यावे लागते. उपचार थांबल्यावर रुग्ण गावी परततो आणि पुढील भार कुटुंबावर पडतो. अशा वेळी पुढील माहिती उपयुक्त ठरेल.

कर्करोग, फुप्फुसांचे जुनाट विकार, हृदयाचा अशक्तपणा, छातीत साठलेले पाणी व रक्तक्षय ही धापेची प्रमुख कारणे होत. पाणी काढून किंवा औषधे देऊन यांपैकी काहींवर उपचार करता येतात. म्हणून प्रथम वैद्यकीय तपासणी आवश्यक आहे. धाप लागली की रुग्ण घाबरतो आणि घाबरल्याने धाप वाढते. धीर देणे हा म्हणूनच उपचाराचाच एक भाग आहे.

रुग्णास पाठीशी लोड किंवा घडी केलेल्या गोधड्या देऊन अर्धवट बसते करावे. खिडकी उघडावी, भोवतीची गर्दी कमी करावी, चुलीचा धूर खोलीत येऊ देऊ नये. चेहऱ्यावर पंख्याचा मंद वारा घातल्यास धाप कमी जाणवते. रक्तातील प्राणवायू कमी झाला असेल तरच नळीने दिलेल्या प्राणवायूचा विशेष उपयोग होतो.

एवढ्याने त्रास न शमल्यास डॉक्टर तोंडावाटे अल्प मात्रेत मॉर्फिन देतात. योग्य मात्रेत व देखरेखीखाली दिलेल्या या औषधाने मृत्यू लवकर ओढवतो, ही भीती निराधार आहे. त्याने बद्धकोष्ठ होत असल्याने सोबत सारकही दिले जाते. १९८५ च्या अंमली पदार्थविषयक कायद्यामुळे हे औषध मिळणे कठीण झाले होते. २०१४ च्या दुरुस्तीने मान्यताप्राप्त रुग्णालयांना ते ठेवणे सुलभ झाले. तेलंगण शासनाने उभारलेल्या उपशामक सेवा केंद्रांपैकी एक आदिलाबाद येथे आहे.

अंतकाळी घशात साठलेल्या स्रावामुळे घरघर ऐकू येते, श्वास मध्येच थांबून पुन्हा सुरू होतो. नातेवाइकांना हे पाहवत नाही; परंतु रुग्ण त्या वेळी बहुधा बेशुद्ध असतो आणि त्याला त्याची यातना जाणवत नाही. त्यास हलकेच कुशीवर वळवावे. शेवट जवळ आला असे पाहून रुग्णास भुईवर उताणे निजवण्याची व मुखात गंगाजल घालण्याची रीत आहे. उताणे निजवल्याने धाप वाढते आणि बेशुद्धावस्थेत तोंडात ओतलेले पाणी श्वासनलिकेत जाऊ शकते. भुईवर घ्यावयाचे झाल्यास पाठीशी उशा द्याव्यात व तुळशीच्या पानाने केवळ ओठ ओले करावेत. त्यामुळे रीतही पाळली जाते व रुग्णास त्रासही होत नाही.

अशा रुग्णाच्या कुटुंबाने धाप असह्य होईपर्यंत न थांबता, रुग्ण घरी परतताच नजीकच्या आरोग्य केंद्राशी किंवा उपशामक सेवा केंद्राशी संपर्क साधणे हिताचे ठरते.