अँजिओप्लास्टी झाली, आता घरी काय?

समजा, मालवणजवळच्या एका गावातले भाऊ बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात अँजिओप्लास्टी करून तिसऱ्या दिवशी घरी आले. मनगटावर एक लहानशी पट्टी, बाकी टाका नाही की मोठी जखम नाही. बघायला आलेले म्हणतात, "ह्या कसला ऑपरेशन?" भाऊंनाही वाटते, उद्याच रापणीवर जावे. घरची माणसे मात्र त्यांना खाटेवरून उठू देत नाहीत. दोन्ही बाजू चुकतात. का, ते कळण्यासाठी आत काय घडले ते पाहू.

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या मुख्य धमन्या जेमतेम ३-४ मिलिमीटर रुंद असतात. त्यांच्या अस्तरात चरबी साचली की मार्ग अरुंद होतो. नळीतला प्रवाह तिच्या त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असतो. दाब तोच ठेवून त्रिज्या निम्मी केली, तर प्रवाह निम्मा नव्हे, सोळावा हिस्सा उरतो! शरीर पुढच्या सूक्ष्म वाहिन्या रुंद करून ही तूट बरीचशी भरून काढते. म्हणूनच बसल्या जागी त्रास नसतो. घाटी चढताना छाती भरून येते.

१९२९ साली वेर्नर फोर्समन या जर्मन डॉक्टरने स्वतःच्याच हाताच्या शिरेतून बारीक नळी हृदयापर्यंत सरकवली. १९७७ साली झुरिचमध्ये आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी नळीच्या टोकाशी फुगा बसवून हृदयाची अरुंद धमनी रुंद केली. १९८६ पासून तिथे जाळीची नळी, म्हणजे स्टेंट, ठेवता येऊ लागली.

आता भाऊंची दोन ठिकाणे जपायची आहेत. पहिले, मनगट किंवा जांघ, जिथून नळी आत गेली. टोचलेली धमनी आहे, शीर नव्हे. तिच्यात रक्त जोराच्या दाबाने वाहते. म्हणून सुमारे आठवडाभर विहिरीचे पाणी ओढणे, रापण खेचणे, नारळाची पोती उचलणे बंद. जखम भरेपर्यंत तळीत किंवा समुद्रात बुडी नको; अंगावर पाणी घेऊन आंघोळ चालते. रक्त आलेच तर बोटांनी घट्ट दाबून दहा मिनिटे धरावे. थांबले नाही, किंवा सूज वाढू लागली, तर दाब न सोडता दवाखाना गाठावा.

दुसरे ठिकाण दिसत नाही: तो स्टेंट. रक्ताला तो परकाच. रक्तातल्या बिंबिका त्याला चिकटून गुठळी करू पाहतात. धमनीचे अस्तर जाळीवर पसरेपर्यंत हे रोखायला ॲस्पिरिन आणि तिच्या जोडीला आणखी एक गोळी देतात. बिंबिकेचे आयुष्य ७ ते १० दिवसांचे. गोळ्या बंद केल्या की रोज नव्या, पुन्हा चिकटू शकणाऱ्या बिंबिका रक्तात येतात आणि आठवड्याभरात बहुतेक संरक्षण संपते. "आता बरे वाटते" म्हणून किंवा दात काढायचा म्हणून परस्पर गोळ्या सोडणे सर्वांत धोक्याचे ते यामुळेच. जोडगोळी किती महिने चालू ठेवायची, हे डॉक्टरच ठरवतात.

मग नुसते झोपून राहावे का? नाही. चालल्याने हृदयाची ताकद परत येते. पहिल्या दिवशी अंगणात, मग सपाट वाटेवर, रोज थोडे वाढवत, चढण नंतर. चालताना बोलता आले पाहिजे, हे सोपे माप. जेवणात ताजा बांगडा चालेल. खारवलेला मासा आणि लोणचे कमी, कारण मिठाने रक्तदाब वाढतो. विडी-तंबाखू कायमची बंद. स्टेंटने एक जागा मोकळी केली आहे, रोग नाहीसा केलेला नाही.

छातीत पुन्हा दुखले, घाम फुटला, दम लागला, तर "गॅस असेल" म्हणून थांबू नये. लगेच १०८ ला फोन करावा. इथून मोठे रुग्णालय दूर, म्हणून तर आधीच निघायला हवे.

वर्गात करून पाहा: एक जाड आणि एक बारीक स्ट्रॉ घेऊन ग्लासभर पाणी ओढायला किती वेळ लागतो ते मुलांना मोजू द्या. नळीची रुंदी थोडी बदलली तरी किती फरक पडतो, ते मुले स्वतःच सांगतील. आणि कदाचित घरी जाऊन आजोबांना गोळीची आठवणही करतील.