मोबाईलच्या खेळात आपल्या पोरांचा चेहरा कुठे आहे?

आज यवतमाळच्या पाटीपुऱ्यात जा, पुसदकडच्या एखाद्या तांड्यावर जा, नाहीतर झरीजामणीच्या बाजूला कोलामांच्या पोडावर जा. जिथे टॉवरची रेंज पोहोचली, तिथे पोट्टे मोबाईलमध्ये मान घालून बसलेले दिसतात. घरात आई-बाप दोघेही कापूस वेचायला गेलेले, आणि पोरगा इकडे बंदूक घेऊन कोणत्यातरी बेटावर लढतो आहे. यावर आपल्याकडे एकच चर्चा होते, ती म्हणजे व्यसनाची. मोबाईलने पिढी बिघडली, असे म्हणून सगळे मोकळे होतात. व्यसनाचा प्रश्न खराच आहे. पण चळवळीच्या माणसाने त्याच्याही पलीकडे पाहिले पाहिजे. हा खेळ सुरू होण्याआधी मोबाईलच्या पडद्यावर जो पहिला प्रश्न विचारला जातो, त्याकडे आपले लक्ष गेले आहे काय?

तो प्रश्न असा असतो : तू कोण आहेस? पब्जीसारख्या खेळात पहिल्यांदा शिरताना पुरुष की स्त्री हे निवडावे लागते. मग चेहरा, कातडीचा रंग, केसांची ठेवण. पब्जीवर सप्टेंबर २०२० मध्ये भारत सरकारने बंदी घातली, पुढे जुलै २०२१ मध्ये तोच खेळ नाव बदलून ‘बीजीएमआय’ म्हणून परत आला, पण हा पहिला प्रश्न कायम राहिला. या निवडीतून जो माणूस तयार होतो त्याला जगभर ‘अवतार’ म्हणतात. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या समाजाला हा शब्द रुचणारा नाही. आम्ही त्याला साधे ‘पात्र’ म्हणू.

कोणी म्हणेल, खेळातले कपडे आणि चेहरे हा काय वर्तमानपत्रात लिहिण्याचा विषय आहे? आम्ही म्हणतो, आहे. कारण आपण काय नेसावे, काय ल्यावे, कसे दिसावे, हे ठरवण्याचा अधिकार या देशात आपल्याला शेकडो वर्षे नव्हता. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांचा पोशाख ठरवून दिलेला आहे. अंगावर प्रेताची वस्त्रे, दागिने लोखंडाचे आणि जेवायला फुटकी भांडी. हे जुने झाले म्हणणाऱ्यांनी बाबासाहेबांचे ‘जातिसंहार’ उघडून पाहावे. इंदूर भागातील बलाई समाजावर सवर्णांनी लादलेल्या अटी त्यात नोंदवल्या आहेत. त्या १९२८ सालच्या आहेत. पुरुषांनी जरीकाठी पगडी बांधायची नाही, रंगीत काठाचे धोतर नेसायचे नाही, स्त्रियांनी सोन्याचांदीचे दागिने घालायचे नाहीत. त्रावणकोरमध्ये तर नाडर स्त्रियांना अंगावर वरचे वस्त्र घेता यावे म्हणून एकोणिसाव्या शतकात अनेक वर्षे झगडावे लागले. म्हणजे खेळाच्या भाषेत सांगायचे, तर आपल्या वाट्याचे पात्र दुसऱ्याने तयार करून दिलेले होते आणि त्यात बदल करण्याचे बटणच नव्हते.

हे बटण पहिल्यांदा कोणी आपल्या हाती दिले? डिसेंबर १९२७ मध्ये महाडला मनुस्मृतीचे दहन झाले, हे आपल्याला पाठ आहे. पण त्याच वेळी बाबासाहेबांनी स्त्रियांपुढे जे भाषण केले, ते आपण कमी आठवतो. लुगडे नेसण्याची तुमची पद्धत हीच तुमच्या अस्पृश्यतेची खूण झाली आहे, ती मोडा, असे त्यांनी सांगितले. गळ्यातल्या त्या गळसऱ्या, हातातल्या कोपरापर्यंतच्या कथलाच्या गोटपाटल्या टाकून द्या, असे सांगितले. आणि आपल्या मायबहिणींनी तिथल्या तिथे लुगडी बदलून नेसली. ही फॅशन नव्हती. दुसऱ्याने अंगावर लावलेली खूण स्वतःच्या हाताने काढून टाकणे होते. म्हणून दिसण्याचा प्रश्न आपल्यासाठी क्षुल्लक असूच शकत नाही.

आता या खेळांच्या जगाकडे वळू. तिथेही निवडीचा हक्क सुखासुखी मिळालेला नाही. २००० साली ‘द सिम्स’ नावाचा खेळ आला. त्यात माणसे तयार करायची, त्यांचे घर बांधायचे, संसार करायचा. पण माणसांच्या कातडीला रंग तीनच होते, उजळ, मध्यम आणि गडद. जगातल्या सगळ्या माणसांची तीन डब्यांत वाटणी! याच खेळाच्या चौथ्या भागात जून २०१६ मध्ये पुरुषाचे कपडे पुरुषालाच आणि स्त्रीचे केस स्त्रीलाच, ही अट निघाली. आणि डिसेंबर २०२० मध्ये एकदम शंभराहून अधिक नवे वर्ण आले. हे आपोआप झाले नाही. काळ्या खेळाडूंनी, आमची कातडी पडद्यावर राखेसारखी करडी दिसते, अशी तक्रार वर्षानुवर्षे लावून धरली तेव्हा झाले. ‘ॲनिमल क्रॉसिंग’ नावाच्या जपानी खेळाची गोष्ट तर आणखी गमतीची. त्याच्या २०१२ च्या भागात पात्र गोरेच असे. सावळे व्हायचे असेल तर त्याला खेळातल्या उन्हात उभे ठेवून रापवावे लागे. २०२० च्या भागात कुठे रंग थेट निवडता येऊ लागला. आमच्या यवतमाळच्या मे महिन्यात रानात राबणाऱ्या माणसाला हे सांगितले, तर तो हसेल की रडेल?

२००९ साली अमेरिकेतील संशोधकांनी दीडशे खेळांतील पात्रांची शिरगणती केली. पुरुष, गोरे आणि प्रौढ यांचीच तिथे गर्दी आहे, समाजात त्यांचे जे प्रमाण आहे त्यापेक्षाही जास्त, असे त्यातून दिसले. ज्यांच्या हाती खेळ बनवण्याची साधने, त्यांचेच चेहरे पडद्यावर. यात नवल काही नाही. सिनेमात तेच, नाटकात तेच, शाळेच्या पुस्तकातल्या चित्रांत तेच.

आणि मग एक विलक्षण प्रकार घडला. ‘रस्ट’ नावाच्या इंग्लंडमधील खेळाने २०१५ मध्ये वेगवेगळे वर्ण आणले, पण निवड खेळाडूच्या हाती दिलीच नाही. खेळाडूच्या खाते क्रमांकावरून त्याच्या पात्राचा वर्ण ठरू लागला आणि २०१६ पासून पुरुष की स्त्री हेही तसेच ठरू लागले. एकदा मिळालेले रूप कायमचे, बदल नाही. यावर जोरदार ओरड झाली. आमच्यावर हे का लादता, आम्हाला का विचारले नाही, असे लोक संतापून विचारू लागले. वाचकहो, हा प्रश्न ओळखीचा वाटत नाही काय? जन्म कुठे घ्यावा हे माणसाच्या हाती नसते, हे सत्य त्या मंडळींना एका खेळाने सांगितले आणि त्यांना ते सहन झाले नाही. आपल्याकडे कोट्यवधी लोक हे पिढ्यान्‌पिढ्या सोसत होते. येवल्याला १३ ऑक्टोबर १९३५ रोजी बाबासाहेबांनी जे जाहीर केले, त्याचा अर्थ हाच होता की, जन्म माझ्या हाती नव्हता, पण त्या जन्माने दिलेले लेबल लावून मी मरणार नाही.

स्त्रियांच्या बाबतीत या धंद्याची नियत काय आहे, तेही पाहा. २०१४ मध्ये युबिसॉफ्ट या मोठ्या कंपनीने आपल्या ‘असॅसिन्स क्रीड युनिटी’ या खेळात मित्रांसोबत खेळताना स्त्रीपात्र घेता येणार नाही असे सांगितले. कारण काय, तर काम दुप्पट होते! तोफा, राजवाडे, अख्खे पॅरिस शहर उभे करायला पैसा आहे, बाईची चाल रेखाटायला नाही. दलित वस्तीच्या रस्त्यासाठी निधी नाही हे उत्तर ऐकून ज्यांचे कान किटले आहेत, त्यांना ही सबब नवी वाटणार नाही. फुटबॉलच्या ‘फिफा’ खेळात महिलांचे संघ यायला २०१५ साल उजाडावे लागले. आपल्याकडच्या मुली हे खेळ खेळतात, नाही असे नाही. पण त्यांच्याशी बोलले की कळते, बऱ्याच जणी पुरुषाचे पात्र घेतात आणि माईक बंद ठेवतात. आवाज मुलीचा आहे हे कळले की समोरून शिव्या नाहीतर लगट सुरू होते. लपून खेळायचे, हीच त्यांची निवड!

तृतीयपंथी बांधवांचा प्रश्न याच्याशी जोडलेला आहे. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी नालसा खटल्यात त्यांना आपली ओळख स्वतः ठरवण्याचा हक्क आहे, असा निकाल दिला. तो देताना आधार घेतला तो बाबासाहेबांनी दिलेल्या संविधानाचा. २०२३ मध्ये आलेल्या ‘बाल्डर्स गेट ३’ सारख्या खेळात शरीर, आवाज आणि ओळख वेगवेगळी निवडता येते, स्त्री-पुरुषापलीकडची ओळखही घेता येते. आपल्या गावातल्या मुलाच्या स्वस्त मोबाईलवर हा खेळ चालत नाही. त्याच्या मोबाईलवर जे चालते त्यात रकाने दोनच.

मग भारतीय चेहरा म्हणून आपल्याला काय मिळाले? ‘फ्री फायर’ने २०२० मध्ये भारतीय पात्र आणले, ‘जय’ नावाचे. ते बेतले हृतिक रोशनवर. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने त्याच वर्षी ‘राजी’ हा खेळ काढला. त्यात निवड नाही, नायिका ठरलेली आहे, आणि ती आहे सर्कशीचे खेळ करणाऱ्या कुटुंबातली मुलगी. आम्हाला आनंद झाला, आपली डोंबारी-कोल्हाट्याची लेक नायिका झाली म्हणून. पण तिच्या हाती बळ येते ते दुर्गेच्या त्रिशूळाने, आणि ती लढते महाबलासुराशी! ज्या महाराष्ट्रात माय-माउली बळीचे राज्य येवो म्हणून ओवाळते, ज्या बळीला क्रांतिबा फुल्यांनी आमचा राजा म्हटले, त्या महाराष्ट्रात बनलेल्या खेळात खलनायकाचे नाव असे असावे, यावर विचार व्हायला नको काय? खेळ देखणा आहे, मेहनतीचा आहे, त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण कथा कोणाची आणि असुर कोण, हे ठरवणारे हात अजूनही तेच आहेत.

यात पैशाचाही खेळ आहे. या खेळांत कपड्यांच्या जोडाला ‘स्किन’ म्हणतात. म्हणजे कातडी. फुकटात मिळते ती साधी गंजी-पँट. झगमगीत कातडी हवी तर पैसे मोजा. फुकटच्या कपड्यात उतरलेल्या पोराला बाकीचे हिणवतात. शाळेत फाटक्या गणवेशावरून हिणवले गेलेले पोर इथेही हिणवले जाते. किलोच्या भावाने कापूस वेचणाऱ्या मायच्या कनवटीचे पैसे मग रिचार्जच्या नावाखाली या कातडीवर जातात.

पण सर्वात महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. समजा, उद्या सगळे वर्ण, सगळे कपडे फुकट मिळाले. प्रश्न सुटेल काय? जात कातडीत नसते. पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार वंशाने एकच आहेत, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्येच दाखवून दिले. अमेरिकेत रंग लपत नाही, आपल्याकडे आडनाव लपत नाही. सर्वात गोरे पात्र घेऊन खेळणाऱ्या आमच्या मुलाला माईकवर विचारतात, ‘पूरा नाम क्या है?’ नावापुढे ‘जयभीम’ लिहिणाऱ्या पोराला काय ऐकावे लागते, ते त्यालाच विचारा. शादी डॉट कॉमने जून २०२० मध्ये टीकेनंतर वर्णाची चाळणी काढून टाकली, ‘फेअर अँड लव्हली’ने त्याच वर्षी नावातला गोरेपणा काढला. पण विवाहाच्या संकेतस्थळांवर जातीचा रकाना राहिला. आणि दुसऱ्यांकडे बोट दाखवताना स्वतःकडेही पाहा. आपल्याच समाजाच्या वधू-वर जाहिरातींत ‘गोरी, सडपातळ’ हे शब्द अजून का छापले जातात? घरात सावळ्या लेकीला उठता-बसता रंगावरून टोचायचे आणि तिने खेळात गोरा चेहरा निवडला की कंपनीला दोष द्यायचा, हे चालणार नाही. महाडला बाबासाहेबांनी खूण टाकायला सांगितले होते, कातडी बदलायला नव्हे.

तेव्हा करायचे काय? मोबाईल हिसकावून प्रश्न सुटत नाही. पोरासोबत दहा मिनिटे बसा. हा चेहरा का निवडला, हे न रागावता विचारा. मुलीला विचारा, माईक का बंद ठेवतेस. बुद्धविहारात रविवारी मुले जमतात, तिथे या विषयावर बोला. आणि आपल्या इंजिनियर झालेल्या, बेरोजगार फिरणाऱ्या तरुणांना एक आवाहन. खेळ बनवण्याची ‘गोडो’, चित्रे घडवण्याची ‘ब्लेंडर’ ही साधने फुकट मिळतात, शिकायला पैसे पडत नाहीत. फेटिया-कांचळीतली बंजारा माय, पोडावरचा कोलाम पोरगा, ओटीत कापूस घेऊन उभी असलेली बाई ही पात्रे पुण्या-मुंबईचे कोणी बनवून देणार नाही. ‘मूकनायक’ निघाला १९२० मध्ये, तो दुसऱ्याच्या वर्तमानपत्रात आपल्याला जागा नव्हती म्हणून. दुसऱ्याच्या खेळात आपल्याला चेहरा नसेल तर रस्ता तोच आहे.

शिका, संघटित व्हा, संघर्ष करा, हे तीन शब्द आपण भिंतीवर रंगवले. आता ते आपल्या पोरांच्या पडद्यापर्यंत नेण्याची जबाबदारी आपली आहे. जयभीम!