परळचा पूल : गिरण्या गेल्या, गर्दी आली

मुंबईत धंद्याची वाट बदलली की माणसांची वाटही बदलते. परळ आणि प्रभादेवी या जोडस्टेशनांची हकीकत पाहिली म्हणजे हे ध्यानात येते. प्रभादेवीचे जुने नाव एल्फिन्स्टन रोड. २०१७ साली येथील जिन्यावर २३ माणसे चेंगरून मेली. पावसामुळे ती गर्दी झाली असे सांगितले गेले. पण तिचे मूळ पस्तीस वर्षे मागे, आपल्या कापडधंद्याच्या उलथापालथीत सापडते.

दोन कंपन्या, दोन स्टेशने

१८५३ साली बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली. तो रस्ता जी. आय. पी. कंपनीचा. पुढच्या दशकात गुजरातकडून बी. बी. सी. आय. कंपनीचा रस्ता मुंबईत आला. परळच्या भागात दोन्ही रूळ शेजारी शेजारी आहेत, पण प्रत्येक कंपनीने आपापले स्टेशन केले. परळ हे जी. आय. पी.चे. एल्फिन्स्टन रोड हे बी. बी. सी. आय.चे; १८५३ ते १८६० या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड एल्फिन्स्टन यांचे नाव त्याला मिळाले. १९५१ साली कंपन्या जाऊन मध्य आणि पश्चिम रेल्वे झाली, तरी स्टेशने दोनच राहिली. दोघांना जोडायला एक अरुंद पादचारी पूल, आणि पश्चिमेकडे उतरायला अरुंद जिना.

तेवढा पूल पुरत का होता?

१८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत पहिल्या कापडगिरणीची कंपनी काढली. पुढे परळ, लालबाग, वरळी हा सारा भाग गिरणगाव झाला. गिरणी कामगार जवळच्याच चाळीत राही. भोंगा झाला की पायी निघे, पायीच परते. शिवाय गिरणी तीन पाळ्यांत चाले, म्हणजे गर्दीही वाटली जाई. माणसे अफाट होती, पण त्यांचा सगळा भार रेल्वेच्या जिन्यावर येत नव्हता.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतर कित्येक गिरण्या पुन्हा नीट उभ्या राहिल्याच नाहीत. विणकाम भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांकडे सरकतच होते, ते आणखी सरकले. १९९१ च्या नियमांनी गिरण्यांच्या जमिनी विकायचा रस्ता उघडला, २००१ साली नियम आणखी सैल झाले. २००५ साली ज्युपिटर आणि एल्फिन्स्टन या सरकारी गिरण्यांच्या जमिनी विकल्या गेल्या आणि तिथे काचेच्या कचेऱ्या उभ्या राहिल्या.

कचेरीतला नोकर चाळीत राहत नाही. तो विरार, कल्याण, डोंबिवलीहून लोकलने येतो, आणि सगळे एकाच तासात येतात. गिरणीची गर्दी तीन पाळ्यांची आणि पायी. कचेरीची गर्दी एका वेळेची आणि गाडीची. धंदा बदलला, जिना मात्र तोच राहिला.

२९ सप्टेंबर २०१७

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास जोराचा पाऊस आला. बाहेर पडणारे जिन्यावरच थांबले आणि मागून गाड्या माणसे ओतत राहिल्या. काहींच्या डोक्यावर ओझी होती. ‘फूल गिर गया’ असे कोणी म्हणाले, ते ‘पुल गिर गया’ असे ऐकू आले आणि घबराट पसरली, असेही काही साक्षीदारांनी सांगितले. नव्या रुंद पुलाला मंजुरी आधीच मिळालेली होती. काम सुरू झालेले नव्हते.

पुढे काय झाले?

अपघातानंतर रेल्वेने पादचारी पुलाचा हिशेबच बदलला. तोवर असा पूल ‘प्रवासी सोय’ या सदरात मोडे, म्हणजे पैसा उरला तर बांधायचा. आता तो सुरक्षेची गरज ठरला. लष्कराने तयार लोखंडी भाग जोडून एल्फिन्स्टन रोड, करी रोड आणि आंबिवली येथे पूल उभारले. २७ फेब्रुवारी २०१८ रोजी ते खुले झाले. त्याच वर्षी जुलैत स्टेशनचे नाव प्रभादेवी झाले. ३ मार्च २०१९ पासून परळहून लोकल सुटू लागल्या. शेजारचा शंभर वर्षांहून जुना गाडीरस्त्याचा पूल सप्टेंबर २०२५ मध्ये, नव्या दुमजली पुलासाठी पाडायला म्हणून बंद करण्यात आला.

आपण काय ध्यानात घ्यावे?

पहिली गोष्ट, जागेची. याच दुर्घटनेनंतर, नोव्हेंबर २०१७ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाने स्टेशनपासून १५० मीटरच्या आत फेरीवाल्यांना मनाई कायम केली. ज्यांची रोजी स्टेशनच्या तोंडावर होती, त्यांना याची झळ बसली. नवा पूल झाला की स्टेशनचे तोंड सरकते आणि गिऱ्हाईकही सरकते. म्हणून स्टेशनजवळ गाळा घेण्याआधी, पगडी मोजण्याआधी, तिथे कोणता पूल मंजूर आहे आणि जिना कुठे उतरणार, याची चौकशी करावी.

दुसरी गोष्ट, मालाची. ताग्यांचे गठ्ठे घेऊन ऐन गर्दीच्या वेळी पूल चढू नये. लोकलला मालडबा आहे, आणि दुपारची वेळ मोकळी असते. तासभर उशिरा पोहोचलेला माल विकला जातो. जिन्यावर अडकलेला गठ्ठा मात्र दुसऱ्याच्या जिवावर बेततो.

तिसरी गोष्ट, मागणीची. आपल्या गावातल्या स्टेशनचा जिना अपुरा पडत असेल तर व्यापारी मंडळांनी लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी, आणि मंजुरी मिळाली तरी काम सुरू होईपर्यंत पाठ सोडू नये. परळचा पूल कागदावर मंजूर होता.