माटुशेकच्या दुकानातली माणसं

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत दिवाळी तोंडावर आली, की टॉवेलच्या कारखान्यांत एकच विषय असतो: बोनस किती, आणि सणानंतर काम राहील ना? १९४०च्या 'द शॉप अराउंड द कॉर्नर'मध्ये नाताळाआधी हीच धाकधूक आहे. हॉलिवूडच्या जुन्या प्रेमपटांत मला हा सर्वांत जवळचा वाटतो तो त्यामुळेच.

मिक्लोश लास्लोच्या नाटकावरून अर्न्स्ट लुबिचने केलेला हा सिनेमा बुडापेस्टमधल्या एका दुकानात घडतो. तिथे काम करणारे क्रालिक (जेम्स स्टुअर्ट) आणि क्लारा (मार्गारेट सुलावन) गल्ल्यावर दिवसभर भांडतात. दोघंही कुणा अनोळखी माणसाला मनातलं सगळं पत्रांतून लिहितात. ते एकमेकांनाच लिहीत असतात, याचा पत्ता मात्र कुणालाच नसतो.

पण या जोडीवरच नजर ठेवलीत तर अर्धा सिनेमा हातचा जाईल. बायकामुलांचा पिरोविच बघा. मालक माटुशेक कुणाचं तरी खरं मत विचारू लागला, की हा गुपचूप जिना चढून पसार होतो. आपण हसतो, पण संसारी कामगार मालकापुढे खरं का बोलत नाही, ते त्या पळण्यात आहे. क्रालिकला काढून टाकतात तेव्हा तो शिफारसपत्र सगळ्यांना वाचून दाखवतो. ओळी कौतुकाच्या, आणि नोकरी गेलेली. ऐकणाऱ्यांना काय बोलावं सुचत नाही.

लुबिचचे वडील बर्लिनमध्ये शिंप्याचा धंदा करत. दुकान त्याने आतून पाहिलं होतं. क्लारासाठी दोन डॉलरच्या आतला तयार झगा आणला, तोही नवा वाटतो म्हणून उन्हात टाकून विटवला, असं सांगतात. धुतल्यावर रंग जाऊ नये म्हणून झटणाऱ्या सोलापूरकराला यातली नजर लगेच कळेल: बेताच्या पगारातल्या मुलीचे कपडे असेच असतात.

आणि टपालपेटीचं ते दृश्य. क्लाराचा हातमोजा घातलेला हात रिकाम्या खणात चाचपडतो, मग पलीकडून तिचा चेहरा दिसतो. संवाद नाही.

शेवटी नाताळच्या आदल्या रात्री माटुशेक एकटाच दुकानाबाहेर उभा असतो. प्रत्येकाला आपापलं घर आहे. उरतो फक्त नवा पोऱ्या रूडी, ज्याचं शहरात कुणीच नाही. मालक त्याला विचारतो, चिकन नूडल सूप आवडतं का? आणि बर्फातच एकेक पदार्थ सांगत सुटतो.