छत्री तिरकी धरणारं चाक

समजा, वारा अजिबात नाही आणि पाऊस सरळ खाली पडतोय. तुम्ही छत्री उघडून नुसते उभे आहात. छत्रीचा दांडा उभा धरला की झालं, थेंब अंगावर येत नाही. इतक्यात शाळेची घंटा ऐकू येते आणि तुम्ही धावत सुटता. पाऊस तोच, पण आता तो समोरून तिरका येऊन तोंडावर आपटतो! हात आपोआप छत्री पुढे कलवतो.

आता एक बारकावा बघा. तुमचा धावायचा वेग तोच ठेवा. टपोऱ्या थेंबांची सर कोसळत असेल, तर छत्री जराशी कलवली तरी पुरते. पण बारीक भुरभुर असेल तर? ते थेंब सावकाश उतरतात. मग छत्री पुष्कळच पुढे झुकवावी लागते, नाहीतर शर्ट पुढून भिजतो. पाऊस हळू, तर छत्री जास्त तिरकी. हे डोक्यात पक्कं ठेवा, कारण आता हीच गोष्ट एका लोखंडी चाकाला शिकवायची आहे.

नदीच्या पाण्यावर वीज तयार करणारं चाक म्हणजे टर्बाइन. पाणी पात्यांवरून जातं, चाक फिरतं, चाकाला जोडलेलं जनित्र फिरतं आणि वीज तयार होते. पण या चाकाला मनाला येईल तसं फिरून चालत नाही. आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते आणि तो ठेका चुकू नये म्हणून जनित्राला एका ठरलेल्या वेगानेच फिरावं लागतं. नदीला मात्र असा काही ठेका नसतो. पावसाळ्यात ती दुथडी भरून वाहते, उन्हाळ्यात रोडावते. म्हणजे धावणारा एकाच वेगाने धावतोय आणि पाऊस मात्र कधी मुसळधार, कधी भुरभुर! अशा वेळी पाती एकाच कोनात घट्ट बसवलेली असली, तर भरपूर पाण्यात ती छान काम करतात. पाणी कमी झालं की ते भुरभुरीसारखं सावकाश उतरतं, मग पात्यांवरून नीट सरकत नाही, भलत्याच कोनात आदळतं, भोवरे होतात आणि निम्मी मेहनत फुकट जाते.

व्हिक्टर कापलान यांना नेमकं हेच खटकत होतं. त्यांचा जन्म ऑस्ट्रियातल्या म्युर्त्सुश्लाग गावी १८७६ साली झाला. पुढे ते ब्रनो शहरात प्राध्यापक झाले. हे शहर आता चेक देशात आहे. तिथल्या प्रयोगशाळेत लहान लहान चाकं पाण्यात फिरवून बघता बघता त्यांनी ठरवलं, की पाती चाकाला घट्ट जोडायचीच नाहीत. पाणी बदललं की पात्यांनीही वळायचं, आणि तेही चाक फिरत असताना! या कल्पनेचं पेटंट त्यांनी १९१३ साली मागितलं.

पण फिरत्या चाकातली पाती वळवायची कशी? त्यांना हात लावणार कोण? इथली युक्ती मला फार आवडते. चाकाचा मुख्य दांडा आतून पोकळ ठेवतात. त्या पोकळीतून दुसरा दांडा जातो. तेलाच्या दाबाने तो वर-खाली सरकतो आणि मधल्या गोळ्यातल्या छोट्या दांड्यांना ढकलतो. मग सगळी पाती एकदम, सारख्याच कोनात वळतात. पाणी कमी झालं, की पाती आडवी व्हायला लागतात. पाणी वाढलं, की उभी होतात. भुरभुरीत छत्री जास्त झुकवायची, तसंच हे! शिवाय चाकाभोवती उभ्या झडपांचं कडं असतं. पाणी किती आत घ्यायचं आणि त्याला किती गिरकी द्यायची, हे त्या झडपा ठरवतात. पाती आणि झडपा एकमेकांच्या तालावर हलतात.

पहिलं कापलान टर्बाइन १९१९ साली ऑस्ट्रियातल्या वेल्म गावच्या एका कापड गिरणीसाठी बनलं. त्याचं चाक जेमतेम ६० सेंटिमीटर रुंद होतं, म्हणजे तुमच्या दोन मोठ्या पट्ट्यांएवढं.

पण पुढे एक विचित्र दुखणं समोर आलं. चाकं मोठी झाली तशी पाती कुरतडल्यासारखी दिसायला लागली. धातूला वाळवी लागावी तशी भोकंच भोकं! कारण ऐकून चकित व्हाल. पात्याच्या एका बाजूला पाणी इतक्या वेगाने सरकतं, की तिथला दाब एकदम उतरतो आणि गार पाणी चक्क उकळतं. त्यातून वाफेचे बुडबुडे निघतात. पुढे जास्त दाबाच्या जागी पोचले की ते फट्‌कन मिटतात, आणि मिटताना धातूवर सुईसारखा फटका देतात. असे अगणित फटके बसले की लोखंडही हार मानतं. मग पात्यांचा आकार सुधारला, चाक पाण्याच्या पातळीच्या हिशेबाने आणखी खाली बसवलं, आणि हे दुखणं आटोक्यात आलं. स्वीडनमधल्या लिला एडेट इथे १९२६ च्या सुमारास जे चाक बसलं, ते ५.८ मीटर रुंद होतं!

आपल्या सह्याद्रीत पाणी खूप उंचावरून पडतं. म्हणून खोपोलीच्या वीजघरात वेगळ्या जातीचं, वाट्या-वाट्यांचं पेल्टन चाक लागतं. कापलान चाक शोभतं ते थोड्या उंचीवरून भरपूर पाणी उतरतं तिथे. तिथे चांगलं कापलान टर्बाइन पाण्याच्या शक्तीच्या १०० भागांतले ९० हून जास्त भाग फिरण्यात उतरवतं.

आता घरी करून बघा. गाजराचा एक जाड तुकडा घ्या. मोठ्यांकडून त्याच्या मधोमध आरपार भोक पाडून घ्या आणि त्यात स्वेटर विणायची सुई सैलसर घाला. श्रीखंडाच्या रिकाम्या डब्याच्या झाकणाची चार पाती कापा, एकेका टूथपिकला चिकटवा आणि ती गाजरात चारी बाजूंनी खोचा. मग सुईचं टोक जाळीच्या टेबल फॅनकडे धरा. पात्यांचं तोंड सरळ पंख्याकडे असेल, तर चाक ढिम्म हलत नाही. पात्यांची कड पंख्याकडे केली, तरीही नाही. टूथपिक चिमटीत धरून सगळी पाती एकाच बाजूला तिरकी करा, की सुटलंच ते गरागरा! मग दोन पाती मुद्दाम उलट्या बाजूला वळवून बघा. कापलान यांनी सगळी पाती एकाच दांड्याला का जोडली, ते गाजरच सांगेल.