पऱ्यापलीकडची शाळा

संगमेश्वर तालुक्यात येणारा पाहुणा कसब्याचं कर्णेश्वर मंदिर बघतो, मार्लेश्वराला जातो आणि परततो. सह्याद्रीच्या कुशीतल्या वाड्यांकडे सहसा कुणी वळत नाही. तसल्याच एका वाडीतली जिल्हा परिषदेची शाळा बघायला गेलो. जांभ्याच्या दोन खोल्या, मंगलोरी कौलं, पुढे पडवी, भिंतीवर मुंबईकर मंडळाच्या देणगीदारांची पाटी. दाराला कुलूप.

स्कूल बोर्डाच्या शाळा १९६२ मध्ये जिल्हा परिषदांकडे आल्या, मग हळूहळू वाडीवस्तीवर पोचल्या. पट घसरला तो गिरण्यांच्या आणि नंतर नोकऱ्यांच्या मुंबईमुळे. घरं गणपतीला आणि शिमग्याला उघडतात, पोरं तिकडेच शिकतात. २०१७ च्या डिसेंबरात राज्यातल्या दहापर्यंत पटाच्या तेराशेवर शाळा बंद करायचं ठरलं. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांची समूह शाळा करण्याचा विचार पुढे आला.

वाडीतले सुतारबाबा ऐंशीच्या पुढचे. या शाळेचा फळा त्यांनी केला, फणसाच्या फळ्या सांधून. रंधा मारून झाल्यावर त्यांनी सांध्यावर बोट फिरवून पाहिलं होतं. खडू अडकला तर पोरांची अक्षरं बिघडतील म्हणून. दरवर्षी शाळा सुरू व्हायच्या आधी जुन्या सेलमधली काळी पूड भोपळ्याच्या पाल्याच्या रसात घोटून ते फळा काळा करत.

"तेलाचा रंग का नाही दिलात?" मी विचारलं.

"चकाकतो ना! मागं बसलेल्या पोराला नुसता उजेड दिसतो, मास्तरांचं अक्षर नाही."

मजुरी त्यांनी कधी घेतली नाही. त्यांची तिन्ही मुलं बिगारीपासून इथेच शिकली.

आता वाडीतली उरलेली चार पोरं पलीकडच्या शाळेत जातात. नियमाप्रमाणे पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी, आणि नकाशावर ती आहेही. पण मधे पऱ्या, म्हणजे ओढा आहे. आषाढात तो भरला की साकवावरून पाणी जातं आणि लहानग्यांना घरी ठेवावं लागतं. मोठ्या शाळेत सोबती मिळतात, वर्गाला स्वतंत्र शिक्षक मिळतो, हे मला मान्य आहे. पण अंतर मोजायचं तर ते पावसाळ्यात, सहा वर्षांच्या पोराच्या पावलांनी मोजायला हवं.

शाळा बंद झाल्यावर तिचं दाखल-खारीज रजिस्टर केंद्रशाळेत गेलं. जन्मतारखेच्या पुराव्यासाठी म्हाताऱ्यांना आता एसटी धरून तिकडे जावं लागतं.

इमारत अजून धड आहे. वासे मजबूत आहेत, सातआठ कौलं तेवढी फुटली आहेत. बाबांचं म्हणणं, एकदा शाकारणी केली तर खोल्या आणखी वीस वर्षं टिकतील. अंगणवाडी तरी इथे भरवा, असं ते म्हणतात. साकव उंच बांधण्याची मागणीही वाडीने केली आहे. शाकारणी आणि साकव, दोन्ही कामं पावसाआधी व्हायला हवीत.