उपशामक सेवा : आजाराबरोबर माणसाचाही विचार

आजार बरा होण्यापलीकडे गेला की, ‘आता करण्यासारखे काही उरले नाही’, असे रुग्णाच्या नातेवाइकांना अनेकदा सांगण्यात येते. उपशामक सेवा, म्हणजेच पॅलिएटिव्ह केअर, ही भूमिका नाकारते. आजार हटला नाही तरी वेदना, धाप, मळमळ, भीती आणि कुटुंबाची ओढाताण कमी करता येते, हे या सेवेचे सूत्र आहे.

या शाखेचा आधुनिक पाया ब्रिटनमधील डॉ. सिसिली सॉन्डर्स यांनी घातला. त्यांनी १९६७ मध्ये लंडन येथे सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले. रुग्णाच्या वेदनेला शारीरिक बाजूबरोबरच मानसिक, सामाजिक आणि आध्यात्मिक बाजूही असतात, अशी ‘समग्र वेदने’ची कल्पना त्यांनी मांडली. भारतातील पहिले हॉस्पिस, शांती अवेदना सदन, १९८६ मध्ये मुंबईत वांद्रे येथे सुरू झाले.

केरळने हा विचार रुग्णाच्या घरापर्यंत नेला. कोझिकोड येथे १९९३ मध्ये पेन अँड पॅलिएटिव्ह केअर सोसायटीची स्थापना झाली. त्यानंतर गावोगावी स्वयंसेवकांना प्रशिक्षण देण्यात आले. परिचारिका घरी जाऊन जखमा स्वच्छ करते, औषधांची मात्रा पाहते. स्वयंसेवक घरातील धान्याची, मुलांच्या शाळेची चौकशी करतात. कारण घरात चूल पेटत नसेल, तर केवळ गोळीने रुग्णाला स्वास्थ्य लाभत नाही. राज्य सरकारने २००८ मध्ये उपशामक सेवेचे स्वतंत्र धोरण जाहीर करून स्थानिक स्वराज्य संस्थांना या कामात सामावून घेतले.

तीव्र वेदनांवर तोंडाने घ्यावयाचे मॉर्फिन हे स्वस्त आणि परिणामकारक औषध आहे. ते अफूपासून तयार होते आणि भारतात अफूची परवानाधारक शेतीही होते. तरीही १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातील कडक शिक्षा आणि अनेक परवान्यांची अट यांमुळे बहुतेक रुग्णालयांनी ते ठेवणे टाळले. २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून ही प्रक्रिया सुलभ करण्यात आली.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार, जगात दरवर्षी सुमारे ५ कोटी ६८ लाख लोकांना या सेवेची गरज असते. प्रत्यक्षात ती सुमारे १४ टक्के लोकांनाच मिळते. ही दरी भरून काढण्यासाठी महागडी यंत्रे लागत नाहीत. प्रशिक्षित परिचारिका, वेळेवर मिळणारे औषध आणि रुग्णाचे म्हणणे ऐकून घेणारा शेजार यांवर बरेच काही साधता येते, हे केरळने दाखवून दिले आहे.